मापाच्या वर थोडं

वेंगुर्ल्यात बंदराकडे उतरताना उजवीकडे 'दीपस्तंभ बार'.
त्यातला 'स्तं' गेल्या दिवाळीपासून पेटत नाही,
म्हणून रात्री लोक म्हणतात, चल, दीपभला बसू.
तिथे काउंटरच्या आत मी अकरा वर्षं उभा आहे.

आलो तेव्हा ग्लास धुवायचो.
इनासमामा ओतायचे.
पहिल्याच आठवड्यात हातातून ट्रे गेला
आणि सगळा बार माझ्याकडे वळला.
मामांनी हातातल्या बाटलीला आधी बूच लावलं, मग म्हणाले,
"गिलास फुटले तर फुटले. हात कापलो नाय मां?"
मालकांच्या वहीत सहा ग्लास
त्यांनी स्वतःच्या नावावर लिहिले.

ओतायला मी नंतर शिकलो. ते सोपं आहे.
मापाचं भांडं खोटं बोलत नाही, अंगठा बोलतो,
आत बुडवला की तीसचे सव्वीस होतात.
अवघड आहे ते आत येणाऱ्याच्या चपला ऐकणं.
फरफटत आल्या तर डिझेलचं बिल थकलंय,
झपझप आल्या तर सुरमईला दर लागला,
दारातच थांबल्या तर काही विचारायचं नाही,
चणे आधी पाठवायचे, ग्लास मागून.

परुळेकर मास्तरांना रेडिओ बंद लागतो.
खलाशांना चालू.
मध्ये मी, आणि ते बटण.

कोल्हापूरचे पाहुणे फोनमधला निळा ग्लास दाखवून म्हणाले, हे बनवा.
निळं आमच्याकडे फक्त पाण्याचं पिंप.
मी आगळ घेतलं, व्होडका, सोडा, मीठ, उभी चिरलेली मिरची.
नाव काय, त्यांनी विचारलं.
"सूर्य बुडालो," बाप्पा वेटरने ठोकून दिलं.
आता ते मेनूकार्डावर आहे,
आणि दर ग्लासामागे दहा रुपये बाप्पाचे.
मालक कुरकुरले. मी म्हटलं, नाव त्याचं आहे.

टिपचा डबा शनिवारी उलटा करतो.
सात जणांत सारखे वाटे,
शेवंतीकाकीलाही. तिला एकाही गिऱ्हाइकाने पाहिलेलं नाही,
पण तिच्या मांदेल्यांसाठी ते बसून राहतात.

भालो तारीची बायको एकदा दुपारी
मागच्या दाराला आली. टोपलीत सुंगटं.
"रवळू, तेका तिसरो देव नको."
टोपली ठेवून गेली.

रात्री भालोने बोट वर केलं.
मी ग्लास पुसत राहिलो, पुसलेलाच.
गल्ल्यावरून मालक बघत होते.
मग त्याच्यासमोर सोलकढी ठेवली. म्हटलं, ही माझ्याकडून.
तो इतका वेळ बघत राहिला
की बाप्पाने जवळच्या खुर्च्या हळूच मागे ओढल्या.
कढी प्यायला. चिल्लरसकट पैसे मोजून गेला.

वीस दिवस आला नाही.
मालकांनी वही माझ्याकडे फिरवली,
तारीच्या पानावर बोट ठेवलं. बोलले नाहीत.
एकविसाव्या दिवशी आला, सोबत मेव्हण्याचा पोरगा.
"ह्याका कामाक घे. तुज्या हाताखाली."
स्वतः दोन प्यायला, उठला.

त्या पोराचं नाव सत्यवान. बोलत नाही.
काल भरगर्दीत त्याच्या हातून ट्रे गेला
आणि मी ओरडलो.
इतका, की परुळेकर मास्तर म्हणाले,
रेडिओ लावा हो कोणीतरी.

बंद करताना वहीत माझ्या नावावर लिहिलं: ग्लास, चार.
डब्यातला त्याचा वाटा पुढे सरकवला.
त्याने नोटा दोनदा मोजल्या, खाली बघून.
हात दाखव, म्हटलं.
त्याने तो पाठीमागे नेला.